छपरावरची भेग

“नवं कोरं काहीही खरं वाटत नाही,” असं पडदेवाले एकदा म्हणाले होते. तेही स्वतःच्या लग्नात, नवरीच्या नव्या चपलांकडे बघून. नवरीने तेव्हा ते हसण्यावारी नेलं. एवढा संसार झाल्यावर मात्र तिला कळून चुकलं होतं की नवरा त्या दिवशी गंमत करत नव्हता.

पडदेवाले म्हणजे नाटकांचे पडदे रंगवणारे. थिएटरच्या मागच्या उंच, कुबट शेडमध्ये जमिनीवर कापड अंथरून, लांब दांड्याच्या ब्रशने ते राजवाडे, तुरुंग आणि जंगलं रंगवत. राजवाडा पुरा झाला की त्याच्या भिंतीला थोडी ओल आणत. निर्माता बोंबलायचा, “अहो, राजाचा महाल आहे हा, भाड्याची खोली नव्हे!” त्यावर हे शांतपणे विचारत, “राजाकडे पाऊस पडत नाही?” एकदा त्यांनी रंगवलेल्या दारातून खलनायक तावातावाने निघून जायला गेला आणि त्याने नाक फोडून घेतलं. त्या नाकाबद्दल ते आयुष्यभर हळवे होऊन बोलत. टाळ्या नटांना मिळत, पडदा गुंडाळून अंधारात उभा केला जाई. ते नाक हीच काय ती त्यांना मिळालेली दाद.

बायको टपाल कचेरीच्या खिडकीमागे नोकरी करून निवृत्त झालेली. व्यवहार तिच्याकडे होता. छपरालाही वय असतं, हे तिला घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा समजलं. समजावलं तिच्या धाकट्या भावाने.

“ताई, छप्पर म्हातारं झालं की कंपनी हात आखडते. वादळात उडालं तर नव्या छपराचा खर्च देत नाही. त्या म्हाताऱ्याची जी काय किंमत उरली असेल, तेवढीच देते. आणि सर्व्हेअरला ते मोडकळीला आलेलं वाटलं, तर पॉलिसीतून छप्परच वगळतात.”

“मग उरलं काय?”

“भिंती.”

“भिंती कुठे उडतात मेल्या!”

छप्पर थोरल्या लेकीच्या वयाचं होतं, आणि थोरल्या लेकीला चाळिशी लागली होती. “वय लपवू नकोस,” भाऊ म्हणाला. “पण तब्येत ठणठणीत दिसली, तर सर्व्हेअर पूर्ण भरपाईची शिफारस करू शकतो.”

तिने लगेच छप्पर शाकारून घेतलं. फुटकी कौलं बदलली, वासे ठोकून बघितले, शेवाळ खरवडून काढलं. छप्पर खणखणीत झालं. फक्त जुन्या कौलांत नवी कौलं ठिगळासारखी दिसत होती. पडदेवाले म्हणाले, “रंगाचा एक हात मी मारतो.”

तिथेच माशी शिंकली.

सगळं छप्पर एकसारखं लाल झालेलं बघून ती निश्चिंत मनाने बहिणीकडे राहायला गेली. इकडे पडदेवाले अंगणात उभे राहून वर बघत राहिले. सपाट लाल. ना ऊन, ना सावली, ना कुणाचा श्वास. घरावर कुणीतरी डब्याचं झाकण ठेवलं आहे असं त्यांना वाटलं. आपण रोज या झाकणाखाली झोपायचं? त्यांनी माळ्यावरून थिएटरचे जुने रंग खाली काढले.

“छपरात जरा जान आणली,” ते फोनवर बायकोला म्हणाले. तिने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

ती परतली त्याच सकाळी सर्व्हेअर येणार होता. फाटकातून तिने वर पाहिलं आणि तिच्या हातातली पिशवी गळून पडली. छप्पर मधोमध खचलं होतं. वरपासून वळचणीपर्यंत एक काळी भेग गेली होती. खाली ओलसर शेवाळ. कोपऱ्यात कावळ्याची शिट, अगदी ताजी.

“अहो! वादळ आलं होतं की काय?”

“दुपारच्या उन्हात बघ,” पडदेवाले कुजबुजले. “आणखी खोल वाटते.”

ती काही बोलणार, तोच फाटक वाजलं. सर्व्हेअर गुबगुबीत होता, गळ्यात दुर्बीण होती. त्याने ती डोळ्याला लावली आणि दोन पावलं मागे सरला.

“काका, या घरात तुम्ही झोपता?”

“रोज.”

“धाडसी आहात.”

पडदेवाले चक्क लाजले.

सर्व्हेअर आत आला, पण खुर्ची त्याने दाराच्या चौकटीखाली ओढून घेतली. चहाच्या प्रत्येक घोटाला तो आढ्याकडे बघत होता.

“अहो, तो रंग आहे!” ती म्हणाली. “भेग नाहीच तिथे. यांनी काढलीय ती.”

“काकू, सगळे असंच म्हणतात. कालच्या घरातले म्हणाले, भोक नाही, झरोका आहे.”

“मग वर चढून हात लावून बघा!”

“खचलेल्या छपरावर चढायचं नाही, असा नियम आहे आमचा.”

“पण ते खचलेलं नाही!”

“ते चढल्याशिवाय कसं ठरवणार?”

“म्हणून तर म्हणते, चढा!”

“खचलेल्या छपरावर?”

तिने कपाळाला हात लावला. पडदेवाले मात्र खुर्ची पुढे सरकवून बसले होते. “भेग साधारण किती खोल वाटते तुम्हाला?”

“हात जाईल आत.”

“कोपरापर्यंत?”

“खांद्यापर्यंत म्हणा ना.”

पडदेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

“कौतुक कसलं करून घेताय? सांगा ना त्यांना!” बायको कडाडली.

“त्यांना दिसलं ते दिसलं. मी कोण मध्ये बोलणारा?”

नवऱ्याचा असा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. ज्याची नोकरीच खोटं पकडण्याची, तो माणूस यांच्या भेगेला घाबरून चौकटीखाली बसला होता. क्षणभर तिलाही त्यांचं कौतुक वाटलं, आणि त्यामुळे ती आणखीच चिडली.

“ही भेग राहिली, तर छप्पर विम्यातून जाईल. उद्या वाऱ्याने छप्पर नेलं, की भेगही गेली. मग कुणाला दाखवाल?”

पडदेवाले आढ्याकडे बघू लागले.

“पाण्याने जाते ना ती?”

“जाते,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. “खालचा लाल ऑइलपेंट आहे, तो राहील. वरचा पडद्यांचा, सरसातला रंग तेवढा धुऊन निघेल.”

“पाण्याने जाणारी भेग मी अजून पाहिलेली नाही,” सर्व्हेअर म्हणाला. “पण गेली, तर डोळ्यांना दिसेल तेच लिहीन. चहा संपेपर्यंत आहे मी.” आणि त्याने बशीतलं बिस्किट उचललं.

“निदान कावळ्याची शिट राहू दे,” पडदेवाल्यांनी हळूच विचारलं. “कोपऱ्यातच तर आहे.”

“एक थेंब नको!”

सर्व्हेअरचं बिस्किट चहात बुडालं. “ती शिटसुद्धा? अहो, मी तिच्याखालून जायला नको म्हणून वळसा घालून आलो!”

पडदेवाल्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरून. मग उठले, मोरीतून पाण्याची बादली आणि काथ्याचा ब्रश घेतला, विजारीचे पाय दुमडले आणि बाहेर पडले.