पाण्यालगतची वाट

कंबर तलावाचे पाणी माघापासून मागे सरू लागे. रोज वीतभर, कधी दोन वीत. उघड्या पडलेल्या गाळात आसपासचे शेतकरी कलिंगडाच्या वेली लावत. पाण्याच्या कडेची पायवाट काठाबरोबर सरकत असे. कालची वाट आज सापडत नसे. पहाटे धुके असले म्हणजे पाणी, गाळ आणि आभाळ यांत भेद उरत नसे. गिरणीचा भोंगाही पाण्याखालून आल्यासारखा वाटे. एका वर्षी मी त्या वाटेने रोज पत्नीला घेऊन चालत असे.

विषमज्वराने ती दोन महिने अंथरुणावर होती. डॉक्टर म्हणाले, "रोज मोकळ्या हवेत चालवा. आता पायांत बळ आले नाही, तर पुढे येईलच असे सांगता येत नाही."

आई म्हणाली, "घरात चालायला जागा नाही का?" पण तिने अडवले नाही.

नवराबायकोने फिरायला जाणे हा त्या काळी हसण्याचा विषय होता. तलावाच्या बांधावर माझ्या शाळेतले सहशिक्षक फिरत. म्हणून मी खालची, पाण्यालगतची वाट धरली. मी पुढे, ती दहा पावले मागे. मी वळून पाहत नसे. तिच्या बांगड्या वाजत. तेवढ्यावरून ती येते आहे असे समजे.

एके सकाळी धुके फार दाट होते. एखादा बगळा उभा दिसे आणि विरून जाई. आपण चालतो आहोत, की तलावच आपल्याभोवती सरकतो आहे, हे कळेनासे झाले. त्या गुंगीत बांगड्या केव्हा थांबल्या, ते माझ्या ध्यानात आले नाही.

मागून एका बाईची हाक आली. "ओ टोपीवालं! बाई रुतलीया हितं! मान वळवली तर मोडती काय तुमची?"

मी धावत मागे गेलो. धुक्यात मी दिसेनासा झालो तेव्हा पत्नीची वाट चुकली होती. आदल्या दिवशीच पाणी सरलेल्या गाळात ती गुडघ्यांच्या वरपर्यंत रुतून उभी होती. ओठ निळे पडले होते. वेलींना पाणी घालणारी एक म्हातारी तिला दंडाला धरून होती.

"हाक का मारली नाहीस?" मी विचारले.

"काय म्हणून मारू?" ती म्हणाली.

म्हातारी हसली. "नाव घ्यायचं न्हाय, आवं म्हणून वरडायचं न्हाय. मग काय बुडायचं व्हय गं?"

मी पत्नीचा हात ओढू लागलो. म्हातारीने मला ढकलले. "ओढू नगा, पाय मोडंल. खाली बसा. पायाभवतीचा गाळ काढा अदुगर."

मी गाळात गुडघे टेकले आणि हातांनी उकरू लागलो.

"पायांना हात नका लावू," ती म्हणाली. "पाप लागेल मला."

"गप्प उभी राहा."

गाळ बर्फासारखा थंड होता. काढावा तितका परत भरे. त्याखाली तिची पावले लागली तेव्हा ती इतकी बारीक झाली आहेत हे मला प्रथमच कळले. दोन्ही पाय सुटायला पुष्कळ वेळ लागला. तोवर धुके विरले होते, आणि बांधावरचे लोक थांबून पाहत होते. त्यांत माझे दोन सहशिक्षक होते.

तिला उभे राहवेना. मी तिचा हात खांद्यावर घेतला आणि बांधावरूनच घरी आणले. वाटेत कोणी काही बोलले असल्यास मी ऐकले नाही.

पुढे दोन दिवस तिला ताप होता. तिसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच उठून दाराशी उभी राहिली. आम्ही बांधावरून गेलो. मी तिला पुढे चालायला सांगितले. ती थोडी थांबली, मग चालू लागली. तिच्या चालीने फेरी पुरी व्हायला दुप्पट वेळ लागे. त्या महिन्यात मला शाळेत दोनदा उशीर झाला. चैत्रात एके दिवशी ती कोठेही न बसता सबंध बांध चालून गेली, आणि टोकाला पोहोचल्यावर मागे वळून मी येतो आहे की नाही, ते तिने पाहिले.