हिरव्या काचेची बरणी

आमचं घर अचलपूरच्या मनियारांचं, म्हणजे बांगड्या विकणाऱ्यांचं. या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. अमरावतीच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले, रोज एसटीनं जाऊन-येऊन. हे सांगताना आवाज थोडा चढतो, चढू द्या. निकाल लागल्यावर मी घरात जे पहिलं काम केलं, ते मात्र बिघडलं.

अब्बांची मोठी बहीण, माझी फुफी, मागच्या खोलीत मणी करते. गॅसची लहानशी बत्ती, तिला पंख्याची हवा. मातीचा लेप दिलेल्या तारेवर काळी काच वितळवून गुंडाळली की मणी तयार. खरी कारागिरी त्यापुढची. फुटक्या बांगडीची काच तापवून तिचा बारीक दोरा ओढायचा आणि त्याचं टोक मण्यावर टेकवत ठिपके द्यायचे, वेल काढायची. मग मणी गरम राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा.

फुटक्या बांगड्यांचे हे तुकडे ती कापडी पिशव्यांत ठेवायची. एकेका पिशवीत लाल, हिरवे, निळे सगळे एकत्र. मला तो निव्वळ पसारा वाटला.

त्या आठवड्यात अकोल्याच्या एक शिक्षिकाबाई येऊन गेल्या होत्या. त्यांची आई वारली, तेव्हा हातातून काढताना हिरव्या बांगड्या फुटल्या. ते तुकडे त्यांनी रुमालात बांधून आणले होते. त्या काचेचे ठिपके असलेले सात मणी त्यांना लेकीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचे होते. फुफीनं एक तुकडा वितळवून वीतभर दोरा ओढून पाहिला, आपल्या काळ्या काचेवर तो बसतो म्हणाली आणि काम घेतलं. दुसऱ्या दिवशी ती परतवाड्याला लग्नघरी गेली.

ती नव्हती त्या दुपारी मी खोली आवरली. पिशव्या रिकाम्या केल्या, रंगांप्रमाणे तुकडे निवडून बरण्यांत भरले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. रुमालातले तुकडे हिरवे होते, ते हिरव्या बरणीत गेले. रुमाल मी धुऊन वाळतसुद्धा घातला.

फुफी आली. हिरवी बरणी उघडून तिनं चार तुकडे तळहातावर घेतले. मग तिनं सांगितलं की पिशवीत रंग नसतात, माल असतो. एका पेटीतून आलेल्या बांगड्या एका भट्टीच्या, म्हणून त्यांची काच एकमेकींवर बसते. दुसऱ्या भट्टीची काच चढवली तर मणी राखेतून चांगला निघतो आणि चार दिवसांनी आपोआप तडकतो.

“रंग कोन इचारते बेटा?” ती म्हणाली. “काच काचेले धरते का, थे पाय.”

मी तिला प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर काच किती फुगते आणि गार होताना किती आकसते, ते समजावून सांगायला लागले. हा धडा मी परीक्षेत पूर्ण लिहिला होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग बरन्या भरतानी थो कुठी गेल्ता?”

तुकडे वेगळे करायची एकच वाट होती. बाईंच्या बांगडीचा ओढलेला तो वीतभर दोरा फरशीच्या तुकड्यावर तसाच पडला होता. बरणीतल्या प्रत्येक हिरव्या तुकड्याचं टोक आणि त्या दोऱ्याचं टोक शेजारी-शेजारी जोडून वितळवायचं, चिमट्यानं दोन्ही मिळून ओढायचं. केसासारखा दोरा निघतो. गार होताना सरळ राहिला तर दोन्ही काचा एका जातीच्या, वाकला तर परक्या. मात्र प्रत्येक वेळी आपला गव्हाच्या दाण्याएवढा दोरा खर्ची पडणार. तो संपला की ओळख संपली; जुळलेला तुकडा बाईंचाच असेल याची खात्री नाही, म्हणून त्याचा दोरा फुफी चालवून घेणार नव्हती.

दोन दिवस आम्ही तेच केलं. फुफी ओढायची, मी वहीत लिहायची. बहुतेक वाकले. अकरा सरळ राहिले. दोरा संपला तेव्हा सहा तुकडे बघायचे राहिले होते.

सात मण्यांना अकरा तुकडे पुष्कळ झाले. बाईंना कळवायची काय गरज, असं मी म्हणून पाहिलं. फुफी म्हणाली की अकोल्याची गाडी सकाळी असते.

मी गेले. बाईंच्या ओट्यावर दोन पुड्या ठेवल्या, एक अकरा तुकड्यांची, एक बघायच्या राहिलेल्या सहांची, आणि सगळं सांगितलं, बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांसकट. हेही सांगितलं की सरळ दोरा फक्त काच एका जातीची आहे एवढंच सांगतो; हे अकरा तुकडे त्यांच्या आईच्याच हातातले आहेत, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. बाईंनी मोठी पुडी उघडली. एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. त्यांनाही ओळखता येईना, हे मला दिसत होतं. आतून चहा आला, तो गार झाला.

“आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया एकाच मनियाराकडून बांगड्या भरत,” त्या शेवटी म्हणाल्या. “या दुसऱ्या कोनाच्या असतीन, त तिच्या शेजारनीच्या असतीन. कर मनी.”

सहा तुकड्यांची पुडी त्यांनी ठेवून घेतली. ते मण्यात घालायचे नाहीत, म्हणाल्या. त्यात आई असली तर घरी तरी राहील.

मणी फुफीनं केले. शेवटच्या मण्याचे ठिपके मला द्यायला लावले. एक जरा मोठा पडला, तो तिनं तसाच राहू दिला. पंधरा दिवस ते सातही मणी खिडकीत ठेवले होते. एकही तडकला नाही. मग मी ते ओवले, आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून काढल्या.