कण्मणी सरकली!

भूतखेत, अंतर्ज्ञान असलं काही मी मानत नाही. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर हात काळे करून स्वतःचं वर्कशॉप उभं केलंय. जे मोजता येतं तेवढंच खरं. पण एका गोष्टीचं माप अजून लागलेलं नाही...

मागच्या वर्षीची गोष्ट. मुलगी ईशा, वय तेरा, उंचीने बापाच्या पुढे गेलेली. नुंगंबाक्कमच्या एका चष्मेवाल्याने तिसऱ्यांदा नंबर बदलला तरी तिला फळा दिसेना. वर मलाच शहाणपण — "सार, मोबाईल कमी करा." त्याला मी अजून माफ केलेलं नाही. भांडून, पाय आपटत बाहेर पडलो.

बाहेर फुटपाथवर फुलवाली बसते. सगळे तिला पाट्टी म्हणतात, म्हणजे आजी. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. बोलते तंजावरकडची मराठी, निम्मे शब्द तमिळ. इकडे तमिळ मुलखात गजरा मोळमने विकतात — कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळम. पाट्टीचा हात आखूड. आणि मी आधीच तापलेला...

"पाट्टी, माप माझ्या पोरीच्या हाताने घ्या!"

"लबाड आहेस," ती हसली. "आण तो हात."

ईशाच्या उजव्या हातावर मोगऱ्याची माळ संपता संपेना. मी खूश! तेवढ्यात पाट्टी थांबली.

"पोरीची कण्मणी सरकली रे. डावी. वर गेली."

मला वाटलं, गळ्यातला मणी. "तिने मणीबिणी काही घातलेला नाही! विषय बदलू नका, माप पुरं करा!"

ईशा पोट धरून हसली. "बाबा, कण्मणी म्हणजे डोळ्यातली बाहुली!"

मला मात्र हसू आलं नाही; तीनदा बदललेला नंबर डोक्यात होताच. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून तपासलं. डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकलेलं — उजवं जरासं, डावं पुष्कळ. आणि वरच्या बाजूला! मग त्यांनी ईशाची लांब बोटं पाहिली. मार्फन सिंड्रोम, जन्मापासूनचा. शरीरातले सांधणारे धागेच सैल. हृदयाची मोठी रक्तवाहिनीसुद्धा थोडी फुगलेली निघाली. "वेळेवर आलात," म्हणाल्या. आता गोळ्या चालू आहेत, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. फळा स्वच्छ दिसतो, त्यावरचं गणित मात्र चुकतंच.

डॉक्टरीणबाई म्हणतात, लांब हातावरून पाट्टीला शंका आली असेल. असेल. पण डोळा डावा, भिंग वर — हे कोपरावरून कसं कळलं? पाट्टीला विचारलं तर, "मला काय ठाऊक? तोंडातून आलं."

आता ती ईशाच्या हाताने मोजत नाही. "तो सौदा एकदाच," म्हणते. स्वतःच्या आखूड हाताने माळ मोजते, वरून मधलं बोटही दुमडते... मला दिसतं सगळं. तरी मी गजरा तिच्याकडूनच घेतो.