पुस्तिकेत नसलेली लंकाबाई

मिरजगावच्या लंकाबाई अकरा वर्षं गोरक्षशेठच्या टूरवर स्वयंपाकाला जात होत्या. शेठचं ऑफिस सावेडीत. दिवाळीत आणि मे महिन्यात तिथून रत्नागिरीला बस सुटायची. पाहुणे लॉजच्या खोल्यांत उतरत, लंकाबाई मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेगड्यांपाशी.

पहिल्या वर्षी कुणीतरी त्यांच्या गळ्यात शिळी मासळी मारली होती. मग त्या रोज सकाळी मिरकरवाडा बंदरावर मासेवाल्या बायांजवळ बसून शिकल्या. कल्ले लाल हवेत, डोळा आत गेलेला मासा घ्यायचा नाही. बाकीचं रिक्षावाल्यांना विचारून घेतलं. पाहुणे चहाला खाली आले की म्हणत, "मावशी, आज कुठं जावं?"

"आज सोमवार, थिबा राजवाडा बंद आसंल. भाट्याला ओहोटी बघून जा. किल्ल्यावर ऊन उतरल्यावर. आन् बांगडा खायचा तर बंदराजवळच्या खानावळीत खा, हायवेवर न्हाई."

स्वतः त्यांनी बंदर सोडून काही पाहिलं नव्हतं. नाष्टा उरकला की जेवण, जेवण उरकलं की रात्रीचं.

एका दिवाळीत शेठची मुलगी निकिता टूरला आली. मोबाईल पुढं ठेवून दोन दुपारी तिनं लंकाबाईंकडून सगळं बोलून घेतलं. मे महिन्यात बसच्या प्रत्येक सीटवर रत्नागिरीची रंगीत पुस्तिका होती आणि तिच्यावर समुद्राकडे पाठ करून उभी असलेली निकिता. लंकाबाई सातवी शिकलेल्या. बस गावाबाहेर पडेपर्यंतच त्यांनी ती चाळून संपवली. कल्ल्याची गोष्टसुद्धा त्यांच्याच शब्दांत होती. त्यांचं नाव नव्हतं.

चहाच्या थांब्यावर त्या शेठला म्हणाल्या, "माझं नाव कुठं दिसंना."

"नाव टाकलं तर दुसरा टूरवाला पळवील तुम्हाला, मावशी," शेठ हसले.

रत्नागिरीत दुसऱ्या दिवशी लंकाबाई पाहुण्यांना भरतीची वेळ सांगू लागल्या, तर एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पुस्तक आहे हो. तुम्ही पोह्यात मीठ बघा."

त्या दुपारी लंकाबाईंनी डाळीखालचा गॅस बंद केला, हात धुतले आणि रिक्षा करून किल्ल्यावर गेल्या. ज्या तटावरून समुद्र बघायला त्या अकरा वर्षं लोकांना सांगत होत्या, तिथं त्यांच्याच बसमधली माणसं फोटो काढत होती. समुद्र खाली लांबवर पसरला होता. त्यांना तो नीट बघताही येईना, नुसता संताप येत होता. तेवढ्यात सकाळच्याच बाईंनी त्यांना ओळखलं.

"मावशी, तुम्ही इथं? मग जेवणाचं काय?"

"पुस्तकात बघा," लंकाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी सगळे हॉटेलात जेवले. शेठनी आवाज चढवला नाही. परतताना मिरजगावच्या फाट्यावर बस थांबवून लंकाबाईंना त्यांच्या डब्यांसकट खाली उतरवलं, एवढंच. दिवाळीला दुसरी बाई गेली.

लंकाबाई आता हायवेवरच्या एका ढाब्यावर भाकरी थापतात. हातात रत्नागिरीची पुस्तिका घेतलेली गिऱ्हाइकं कधीमधी येतात. मालकानं एकदा विचारलं, "तुमी तर लई वेळा गेल्ता ना तिकडं? कसं हाय?"

"मला काय ठावं," त्या म्हणाल्या आणि परातीत पीठ ओतलं.