मेणावरचं कुंकू

जरा जवळ सरका बघू... आणि आधीच हसू नका. पुरतं वाचायच्या आतच ‘आजींना भास झाला असेल’ म्हणून मोकळे होता तुम्ही, ही खोड चांगली नाही. अहो, या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या गोष्टींखाली ‘झोप पुरी करा’ असं लिहिणारी बाई मी! माझा कशावर म्हणून विश्वास नव्हता. म्हणून तर राग येतो — नेमकं माझ्याच वाट्याला का?

नात मुक्ताचं लग्न होतं. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत पाहुणे मावेनात, म्हणून लेकीने प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्लीतला एक जुना दगडी बंगला घेतला. ‘हेरिटेज स्टे’ म्हणतात त्याला. शांतता खरी, पण थाट बघा — पाणी तापवायच्या बंबात छत्र्या, पाट्यावर फुलांची रास! ज्याच्यावर वाटण वाटून आमचे हात मोडले, त्याचे हे लाड. माझ्या खोलीत उंच शिसवी आरसा, आणि शेजारी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला कुंकवाचा पितळी करंडा.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मुक्ताची ओटी भरायची होती. दुपारी जेवताना ती म्हणाली, “आजी, पहिली ओटी तूच भरायचीस हं.”

मी तोंड उघडायच्या आत आमच्या थोरल्या जाऊबाई बोलल्या, “विमलला कशाला पुढे ओढतेस? ती बसेल मागे. कळतं तिला तेवढं.”

कळतं तेवढं! आमचे हे गेल्यापासून कळूनच घेतेय मी. लेक नोकरीला जायची तेव्हा या पोरीची वेणीफणी, डबा, आजारपणं मी केली — आणि ओटीच्या वेळी माझी खुर्ची मागे! ताटावरून उठून खोलीत गेले, आतून कडी लावली आणि धुमसत आडवी झाले. डोळा लागला.

उठले, आरशात बघितलं... कपाळावर कुंकू.

टिकली नव्हे. खाली मेण, त्यावर कुंकू — माझ्या सासूबाई लावायच्या तसं. गोल गरगरीत, कड कुठे फिसकटलेली नाही. मी आपली जन्मभर टिकलीवाली. आणि हात तर आता असा कापतो की चहा बशीत सांडतो. कडी तशीच, खिडकीला गज.

मी भडकलेच. थट्टेला काही सुमार? तशीच बाहेर जाऊन मालकीणबाईंना गाठलं. “पाहुण्यांच्या कपाळाला हात लावायची, मेण-कुंकू फासायची पद्धत आहे का हो तुमच्याकडे?”

“अहो आजी, बंद खोलीत कोण येणार?” त्यांनी किल्ली आणून कपाट उघडलं. करंडा रिकामा, आत नुसती धूळ. “मेण लावतात हेसुद्धा मला आज कळतंय.”

तेवढ्यात जाऊबाई आल्या. “विमल! पुस आधी ते. या वयात काय हे? चारचौघांत शोभा!”

खरं सांगते, मी पुसणारच होते. पदर हातात धरला होता. पण ते ऐकलं आणि डोकंच फिरलं.

“वहिनी, हे मी लावलेलं नाही. तेव्हा पुसणारही नाही.”

मुक्ता पाटावर बसली होती. मी पुढे झाले, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. हात कापला नाही हो! एक दाणा खाली सांडला नाही. मुक्ता नमस्काराला वाकली, ती पायांवरून डोकं उचलेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ मोकळं. उशीवर डागसुद्धा नाही.

मुक्तावर संशय घेतला, तर ती रडायलाच लागली. जावई म्हणतात, “झोपेत तुम्हीच लावलं असेल.” अहो, पण मेण कुठून आणलं मी? त्यावर ते पेपर उघडून बसतात. अजून दुपारची उठले की आधी आरसा बघते. काही नसतं. मग चिडते — एकदाच लावून कुठे गेलीस गं बाई?

एक मात्र केलंय. दाराशी कुंकवाची कोयरी ठेवलीय. उंबऱ्यात येईल त्या प्रत्येक बाईला लावते, नवरा आहे की गेला ते विचारत नाही. जाऊबाई अजून फिरकलेल्या नाहीत. तुम्ही तरी लवकर या.