पाच म्हणजे पाच!

बालवाडीच्या पोरांना नाच शिकवणं सोपं आहे हो. त्यांना एका वेळेला एका ठिकाणी आणणं, ही खरी कला! माझ्याकडे जेवढे किस्से जमलेत ते सगळे नाच सुरू होण्याआधीचे आहेत. कुणी चहाला बसवलं की एक सांगते, आणि चहा संपेपर्यंत पाच होतात.

धुळ्यात आमच्या कॉलनीच्या मंदिराशेजारी एक हॉल आहे. तिथे मी तीन ते पाच वर्षांच्या पोरांचा डान्स क्लास घेते. त्यासाठी शाळेतली चांगली नोकरी सोडली. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण मी शिंदखेड्याची. ठरवलं की ठरवलं!

हॉल कमिटीचा, आणि कमिटी म्हणजे नाना. हॉलसमोरच्या ओट्यावर रोज पाचला चहाचा कप घेऊन बसणार. त्यांना आमचा क्लास पहिल्यापासून खुपायचा. "एवढुशा पोरेस्ले डान्स कसाले?" म्हणाले. शेवटी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, डोळे वटारले तेव्हा कुठे पाचची वेळ मिळाली. तीही अटीवर, की पाचला हॉल कधी रिकामा दिसता कामा नये. "एक दिवस जरी पाचले हॉल रिकामा दिसना, ते कुलूप लावसू!"

म्हटलं, लावून दाखवा.

* * *

पहिल्याच आठवड्यात आयांचे फोन. "मॅडम, पाचला आमची स्वरा झोपलेली असते, सहा करा ना." दुसरी म्हणे, "सहाला आमच्याकडे जेवण असतं, चार करा." तिसरीला चार चालेना, कारण चारला स्कूटर घरी नसते. मी आपली भोळी, ग्रुपवर विचारलं, कुणाला किती वाजता जमेल? जितकी घरं तितक्या वेळा आल्या! एका घरातून तर आईची वेगळी आणि बाबांची वेगळी.

डोकंच फिरलं. ग्रुपवर टाकलं, "पाच म्हणजे पाच. टाइम बदलणार नाही." श्लोकच्या बाबांनी लगेच अंगठा दाखवला. आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला श्लोकला घेऊन हजर!

* * *

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे काय ऊन असतं ते वेगळं सांगायला नको. दुपारी कूलरपुढे आडवी झालेली पोरं पाचला उठतात होय? पण मी वेळ बदलत नाही म्हटल्यावर आयांनी मार्ग काढला. झोपलेली पोरं तशीच उचलून आणायला लागल्या! सतरंजीवर ओळीने ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उठला की नाचेल."

एक दिवस नाना खिडकीतून डोकावले. आत सगळा क्लास गाढ झोपलेला, आणि मी एकटी हातवारे करतेय.

"बठ्ठा पोरे झोपेल शेतस! हाऊ डान्सना क्लास शे का झोपाना?"

"शवासन चालू आहे नाना. हळू बोला!"

नाना पाय न वाजवता ओट्यावर परत गेले. मग मीही पाच मिनिटं टेकले.

* * *

दुसरा ताप म्हणजे आत येऊन बसणाऱ्या आया. पोरगं हत्तीची सोंड करतंय आणि ही मागून ओरडतेय, "अरे, नीट कर ना! घरी कसा करत होता?" पोरगं मागे बघतं, धडपडतं, भोकाड पसरतं. मी नियमच केला, हॉलमध्ये जो येईल तो नाचेल. मोठं माणूस असलं तरी! दोन दिवसांत सगळ्या आया खिडकीबाहेर.

पण हा नियम चार वर्षांच्या पिहूने फारच मनावर घेतला. एकदा पंखा दुरुस्त करायला वायरमन आला, तर ही कमरेवर हात ठेवून शिडीच्या आडवी. "काका, आधी नाचायचं!" तो बिचारा हातात पेचकस घेऊन दोन गाणी नाचला. जाताना म्हणाला, "ताई, माझ्या पोरीला कधी आणू?"

* * *

थंडीतला एक शनिवार तर मी विसरूच शकत नाही. अख्खी कॉलनी भरीत पार्टीला एका शेतावर गेलेली, मागे ओट्यावर फक्त नाना. वांगी भाजली जातायत, तेल सुटलंय, अशात कोण क्लासला येणार? एका आईने फोनवरच सांगितलं, "आज सुट्टी द्या, तुम्हीपण इकडेच या."

मी गेले ना! पण जेवायला नाही. आयांना म्हटलं, "आज हॉल रिकामा दिसला तर उद्यापासून कायमची सुट्टी. चला!" त्याही तोंड पुसत उठल्या. पोरांसकट सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं. पाचच्या ठोक्याला हॉलमध्ये! ढेकर देत देत नाचली बिचारी. हात धुवायला वेळ कुठला? सगळ्यांनी भिंतीला पुसले.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला भिंतीपुढे उभं केलं. तेलकट पंजेच पंजे. "भिंतवर हाई काय शे?"

"हजेरी, नाना. मोजून घ्या."

भिंत मात्र मलाच रंगवून द्यावी लागली.

* * *

त्यानंतर नानांनी वेगळीच चाल खेळली. एका सकाळी निरोप आला, "आज पाचला हॉलमध्ये कमिटीची मीटिंग. क्लास बंद." म्हणजे आज बंद, आणि पुढे मीटिंगमध्ये ठरवून कायमचाच बंद! फार राग आला. खरं सांगते, थोडं रडलेही. मग डोळे पुसले आणि ग्रुपवर टाकलं, "पाच म्हणजे पाच."

पाचला नाना आणि कमिटीचे चौघं खुर्च्या टाकून बसलेले. टेबलावर नवंकोरं कुलूप. तेवढ्यात पोरं चपला काढून आत शिरली. पिहू थेट नानांपुढे.

"आजोबा, उठा. इथे बसायचं नाही, नाचायचं."

"ओ पोरी, आम्ही कमिटी शेतस!"

"कमिटीने पण नाचायचं."

चौघं नानांकडे बघायला लागले, नाना माझ्याकडे. मी गाणं लावलं. खिडकीत आया होत्या, त्यांच्यात अक्का. त्या तिथूनच कडाडल्या, "पोरेसन्या वरातमा तर लई नाचतस! आठे हॉलमा काय व्हयनं?"

नाना उठले. मग चौघंही उठले. हत्तीचं गाणं होतं. नानांनी सोंड काढली, कान हलवले, आणि वळायचं तिथे बरोबर वळले. पिहू बाजूला उभी राहून त्यांचा हात धरून वर करत होती.

गाणं संपलं. नाना धापा टाकत खाली बसले. धोतराच्या सोग्याने घाम पुसला, कुलूप खिशात टाकलं आणि मला खुणेने जवळ बोलावलं.

"मॅडम, पाचले मना चहाना टाइम शे. साडेचारले करता येई का?"

"टाइम बदलणार नाही, नाना!"