पेंढ्याचा सातवा सभासद

आमच्या भोरात एका रावसाहेबांनी अजबखाना काढला होता. मोठी नोकरी करून ते पेन्शनीत निघाले होते आणि राहायचे पुण्याला. जन्मभर गोळा केलेल्या जुन्या वस्तू त्यांनी भोरच्या आपल्या रिकाम्या वखारीत मांडून ठेवल्या होत्या. गंजक्या तलवारी, पितळी दिवे, खंडीभर अडकित्ते, आणि एक तोफेचा गोळा. तो गोळा बघायला कुणी येत नसे, पण वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तो लावायला फार चांगला होता.

मी तिथं झाडलोट करायची. मला भोंगवलीला दिलेली होती. वर्षभरात नवरा तापानं गेला आणि मी भोरला भावाच्या घरी परत आले. भाऊ मुंबईला गिरणीत, घरात भावजय आणि मी. भावजय वाईट नव्हती हो, पण मी दुसऱ्या भाकरीला हात घातला की नेमका तिला खोकला यायचा. मला एकच गोष्ट हवी होती. नदीकडच्या आळीत एक खोली आणि माझी स्वतःची चूल. पण लढाईचे दिवस, सगळं महाग झालेलं, आणि माझा पगार पाच रुपये. पुरुषांना दहा होते. मला पाच का, तर मी बाई. अर्धी धूळ मी त्यांच्यासाठी सोडत होते की काय, कुणास ठाऊक!

आम्ही सहा जण होतो. दारावर वेल्ह्याकडचे एक म्हातारे मामा, चिठ्ठ्या लिहायला कारकून भाऊसाहेब, तलवारी घासायला दोघे सख्खे भाऊ, एक माळी आणि मी. भाऊसाहेब प्रत्येक वस्तूपुढं सुरेख अक्षरात चिठ्ठी लावायचे. त्या पुसता पुसता मी वाचायला शिकले, आणि धुळीत बोटानं गिरवत थोडं लिहायलाही. दुनियेचा अ कशाचा असेल तो असो, माझा अ अडकित्त्याचा.

आणि मधल्या दालनात उभा होता तो. रावसाहेबांनी शिंप्याकडून करून घेतलेला पुरुषभर उंचीचा बाहुला. आत भाताचा पेंढा, वर अंगरखा, पागोटं, कमरेला शेला आणि बोकडाच्या केसांच्या झुपकेदार मिश्या. पुढं चिठ्ठी होती, ‘मावळा. पूर्ण वेष.’ त्याला रोज झटकायचं, पागोटं नीट बांधायचं आणि मिश्या विंचरायच्या हे माझं काम. माझ्या खऱ्या नवऱ्याची इतकी सेवा करायला मला वेळच मिळाला नव्हता.

त्या वर्षी भाऊ सुट्टीवर आला. कापूरहोळच्या फाट्यावर मोटारीतून उतरला तो युनियन, युनियन करतच घरी पोचला. गिरणीत कसा संप केला, मालक कसा वाकवला! मी दुसऱ्या दिवशी त्याला अजबखान्याच्या मागच्या पिंपळाखाली उभा केला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ही युनेन म्हंजी भिशीच की व्हय?”

“न्हाई मामा. सगळ्यांनी एका तोंडानं बोलायचं. पर सात माणसं लागत्यात. तसा कायदाच हाय.”

मुंबईचा कायदा भोर संस्थानात चालतो का, हे कुणीच विचारलं नाही. आम्ही मोजायला लागलो. सहा झाले. पुन्हा मोजले, तरी सहाच. धाकट्या तलवारवाल्यानं तर स्वतःला दोनदा मोजून पाहिलं. मग मामा आत बोट दाखवून म्हणाले, “त्यो उभा हाय की. आपल्यात सगळ्यात जुना त्योच.”

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण अर्ज लिहायला तेच बसले. पुरुषांना पंधरा आणि बाईलाही पंधरा, असं मी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं. सातवं नाव चिठ्ठीवरचंच घातलं, ‘मावळा’. सह्या-अंगठे झाले, त्यात माझी सही सगळ्यात वेडीवाकडी. सातव्याचा अंगठा कुणी द्यायचा? मामा म्हणाले, “माझा हाताचा हितं एकदा उठलाय, वळकू यील.” आणि त्यांनी जोडा काढून पायाचा अंगठा शाईत बुडवला.

रावसाहेब महिन्याच्या महिन्याला यायचे. नोकर ठेवणं, काढणं सगळं भाऊसाहेबांवर सोपवलेलं, त्यामुळं त्यांना आमची तोंडं नीट ठाऊक नव्हती. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“हा सातवा कोण? अंगठा केवढा आहे याचा! हाडाचा कष्टकरी दिसतो.”

मामाच पुढं झाले. मामा माळकरी. खोटं म्हणून बोलायचे नाहीत. तेच आमच्या कामाला आलं.

“पहाऱ्याला उभा असतोय जी. रातीबी, दिवसाबी.”

“बसत नाही?”

“बसल्याला म्या तरी बघितला न्हाई.”

“विडीकाडी? रजा?”

“कशालाच शिवत न्हाई जी. रजा तर ठाऊकच न्हाई त्याला.”

“आणि पगार किती घेतो?”

“आजवर दमडी घेतली न्हाई.”

रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी बघितलं. “अरेरे! असा माणूस माझ्या पदरी बिनपगारी राबतोय आणि मला पत्ता नाही!” त्यांनी तिथंच लेखणी घेतली. सगळ्या पुरुषांना पंधरा मंजूर, सातव्यालाही पंधरा, वर एक घोंगडी. मग माझ्यापाशी आले. “बाईला साडेसात. बाईला अर्धा, ही रीतच आहे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेंढ्याला पंधरा आणि मला साडेसात! त्याच्या मिश्या मी विंचरायच्या आणि पगार त्यानं खायचा! पण बाकीचे पाच जण इतके खुशीत होते की मी तोंड दाबून धरलं. रावसाहेब आत गेल्यावर मात्र सोडलं नाही.

“सातव्याचा पगार कुणी घ्यायचा?” मी विचारलं.

“वाटून घेऊ,” थोरला तलवारवाला म्हणाला.

“त्याला रोज झटकतं कोण? पागोटं कोण बांधतं?”

भाऊसाहेब चाचरत म्हणाले, “बाई, नियमानं नोकराचा पगार त्याच्या घरच्या माणसाला देता येतो. आई, बायको...”

“मग मी त्याची घरवाली.”

“पोरी, आगं लोक काय म्हणतील!” मामा.

“म्हणू द्या. हा नवरा तापानं तरी मरायचा न्हाई.”

धाकटा हसून हसून तलवारीवर पडता पडता वाचला. घोंगडी मी त्याच दिवशी घरी नेली. भावजय म्हणाली, “कुणी दिली?” मी म्हटलं, “मालकांनी.” ती दोन दिवस माझ्याकडं संशयानं बघत राहिली आणि खोकायचं विसरली.

पुढच्या महिन्यात रावसाहेब स्वतः पगार वाटायला बसले. मधल्या दालनात टेबल टाकलं, मावळ्याकडं त्यांची पाठ. एकेकाला बोलावलं. मग म्हणाले, “आता तो सातवा. त्याला मला डोळे भरून बघायचंय.”

मी पुढं झाले. “मी घरचं माणूस जी. माझ्याकडं द्या.”

“त्यालाच पाठव. आजारी आहे का?”

“न्हाई जी.”

“मग येत का नाही?”

मागून मामा मान हलवून नको नको करत होते. भाऊसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. मला कळत होतं, मी आता खरं बोलले की सगळ्यांचे वाढलेले पाच रुपये जातील, माझी नोकरी जाईल, आणि नदीकडची खोली तर जाईलच जाईल. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी जन्मात कधी गप्प बसलेय?

मी गेले, मावळ्याला काखोटीला मारला आणि आणून रावसाहेबांच्या पुढ्यात उभा केला. धक्क्यानं त्याची अर्धी मिशी सुटून हजेरीबुकावर पडली.

“हा बघा तुमचा सातवा. बसत न्हाई, बोलत न्हाई, रजा घेत न्हाई. ह्याला पंधरा आणि मला साडेसात. ह्याच्या पोटात पेंढा हाय, रावसाहेब. माझ्या पोटात रोज भूक असती. आता सांगा, पूर्ण कुणाला आणि अर्धा कुणाला?”

बोलता बोलता मला रडू फुटलं आणि त्याचाच मला इतका राग आला की मी त्याच्या शेल्यालाच नाक पुसलं.

रावसाहेबांनी ती मिशी चिमटीत धरून उचलली. मग हळूच म्हणाले, “आणि अंगठा?”

आम्ही सगळ्यांनी एकदम मामांच्या पायाकडं बघितलं. मामांनी तो पाय दुसऱ्या पायामागं लपवला. रावसाहेबांच्या खांद्याला आधी कंप सुटला, मग टेबलाला, आणि मग ते असे हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. हसणं ओसरल्यावर त्यांनी पंधरा रुपये मोजून माझ्यापुढं सरकवले. बाकीच्यांच्या पगाराला हात लावला नाही.

पण बुकात काय लिहिलं माहीत आहे? बाईला पूर्ण पगार दिला असं लिहायला त्यांचा हात काही वळेना. म्हणून ‘मावळा’ हे नाव तसंच ठेवलं आणि पुढं पंधरा. माझं नाव खोडून टाकलं. “सही तू करत जा,” म्हणाले. तशी मी पुढं अकरा वर्षं दर महिन्याला मावळा म्हणून सही केली. नदीकडच्या खोलीचं भाडं मावळ्यानं भरलं, चूल मावळ्यानं घातली, आणि दुसरी भाकरी मी कुणाच्या खोकल्याविना खाल्ली.

त्या दिवशी घरी जायच्या आधी मी बाहुल्याची मिशी खळीनं चिकटवली आणि त्याच्या पुढची चिठ्ठी काढून घेतली. ते नाव आता माझं होतं. भाऊसाहेबांची लेखणी मागून मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात दुसरी चिठ्ठी लावली, ‘बाहुला. आत पेंढा. पगार नाही.’

पुढच्या खेपेला रावसाहेबांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग भाऊसाहेबांना म्हणाले, “अक्षर सुधारतंय तिचं. राहू द्या.”